सवड कुणाच्या वाट्याची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'काय करणार, वेळच मिळत नाही!' हे वाक्य आज घराघरांत ऐकू येते. नोकरी करणारा म्हणतो, धंदा करणारा म्हणतो, आणि आता तर शाळेत जाणारी मुलेही म्हणू लागली आहेत. एखाद्याला पेटी वाजवायची असते, एखाद्याला गडकिल्ले हिंडायचे असतात, एखादीला अर्धवट राहिलेली कविता पुरी करायची असते. पण नोकरी सुटत नाही, संसार थांबत नाही आणि छंद मात्र मागे पडतो. ही आपल्याच काळाची व्यथा आहे, पूर्वीचे लोक निवांत होते, असे आपण धरून चालतो. आज मला या समजुतीकडेच जरा इतिहासाच्या अंगाने पाहायचे आहे. त्यासाठी लांब जायला नको. सातारा आणि सांगली हे आपले दोन जिल्हे पुरेसे आहेत.

आधी शब्दांकडे पाहू. नोकरी हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. हौस अरबीतून आला, फुरसतही तिकडचीच. संसार मात्र संस्कृत. म्हणजे ज्या ओढाताणीबद्दल आपण बोलतो आहोत, तिच्यासाठी मराठीने दोन्हींकडून शब्द घेतले आणि आपलेसे केले. यात सर्वांत सुंदर शब्द आहे तो छंद. छंद म्हणजे नाद, आवड. आणि छंद म्हणजे वृत्त, कवितेचे माप. एकाच शब्दात मनमोकळेपणा आणि बंधन दोन्ही. या शब्दाकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

पेशवाईच्या शेवटच्या काळातले आपले शाहीर पाहा. सगनभाऊ जातीने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, आणि धर्माने मुसलमान. होनाजी घरचे गवळी. हे लोक लावण्या रचत होते आणि त्या सबंध महाराष्ट्र ऐकत होता. त्याआधी कित्येक शतके सावता महाराजांनी तर मळ्यातच अभंग रचले. या माणसांना वेळ पुष्कळ होता असे नाही. पण त्यांचे काम आणि त्यांचे गाणे यांच्यामध्ये भिंत नव्हती. सहाणेवर पाते फिरवताना चाल मनात घोळवायला कुणाची परवानगी लागत नाही.

ही भिंत घातली ती कचेरीने आणि घड्याळाने. इंग्रजी अमलात कचेऱ्या आल्या, शाळा आल्या, गिरण्या आल्या, आणि दिवसाचे तुकडे पडले. ठरावीक तास साहेबाचे, उरलेले आपले. गिरणीत तर उरलेले असे काही राहिलेच नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. आज आपण सकाळी चहाबरोबर रविवारची पुरवणी वाचतो, त्या निवांत सकाळीमागे लोखंडे यांच्यासारख्या सत्यशोधकाचे कष्ट आहेत, हे विसरू नये.

अशा तुकडे पडलेल्या दिवसात एखाद्या माणसाने काय करून दाखवावे, याचे आपल्या भागातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे. त्यांचा जन्म १८५८ साली कोकणात गुहागरला झाला. साताऱ्यास अनंताचार्य गजेंद्रगडकर यांच्यापाशी त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक झाले आणि मिरजेचेच होऊन गेले. पोटासाठी मास्तरकी, ती तीसएक वर्षे. दिवस शाळेच्या घंटेने बांधलेला. वर्गात विद्यार्थ्यांना रूपे घोकून घ्यायची, उत्तरे तपासायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुणालाही पुरे वाटावे असे हे काम.

पण मिरजेत पटवर्धन सरदारांची दप्तरे होती. पटवर्धन हे पेशव्यांचे मातब्बर सरदार. हैदरावरच्या स्वाऱ्या असोत, निजामाशी झगडा असो, पुण्याचे राजकारण असो, पटवर्धनांची माणसे सगळीकडे होती आणि ती घरी पत्रे लिहीत होती. लढाईची हकीकत, दाणावैरणीची टंचाई, कर्जाची काळजी, आजारपण, सोयरीक, सगळे त्या पत्रांत. या कागदांनी शास्त्रीबुवांना झपाटले. १८९७ सालापासून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने ही पत्रे छापायला सुरुवात केली. तेव्हा त्यांचे वय एकोणचाळीस होते. १९२४ साली मिरजेतच त्यांचे निधन झाले, तोवर बारा खंड झाले होते. पानिपतानंतरच्या मराठेशाहीचा इतिहास ज्यांना लिहायचा आहे, त्यांना या खंडांवाचून पुढे जाता येत नाही. जदुनाथ सरकार यांच्यासारख्या इतिहासकारानेही या कामाची वाखाणणी केली.

या कामात किती वेळ जात असेल याची कल्पना यावी म्हणून थोडे सांगतो. ही पत्रे मोडी लिपीत. मोडीत हात न उचलता ओळ ओढत नेतात, शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत. प्रत्येकाचे वळण निराळे. कारकून घाईत असला की अक्षर आणखी बिघडते. कागदाला वाळवी लागलेली, घडीवर शाई उडालेली. असे पत्र आधी वाचायचे, मग बाळबोधीत उतरवायचे, मग ते कुणी कुणाला लिहिले ते ठरवायचे, कारण लिहिणारा नाव पुरते देईलच असे नाही.

आणि मग तारीख! इथे मला विशेष आपुलकी वाटते. पेशवाईतल्या या अस्सल मराठी, ब्राह्मणी दप्तरांतल्या पत्रांवर तारीख असते ती मुसलमानी महिन्याची. 'छ' हे अक्षर घालून चंद्राची तारीख, पुढे मोहरम, सफर, रबिलावल असा महिना. साल सुहूर सन, तेही अरबी आकड्यांत, अक्षरी. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११७२, म्हणजे इसवी सन १७७१-७२. माझ्या घरी हे महिने रोज्यांसाठी, ईदेसाठी, मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या जियारतीसाठी मोजले जातात. गुहागरच्या या शास्त्र्याने आयुष्याची कित्येक वर्षे रात्री तेच महिने मोजण्यात घालवली. चंद्र महिन्याची तारीख इंग्रजी तारखेला जुळवायची, दोन पत्रांतली हकीकत ताडून पाहायची, आणि मगच ते पत्र क्रमाने लावायचे. एक तारीख चुकली की लढाई आधी आणि फौजेची निघण्याची तयारी नंतर, असा घोटाळा व्हायचा.

असे हजारो कागद. आणि हे करीत असताना हा गृहस्थ नाटकेही लिहीत होता! 'गुणोत्कर्ष', 'शिवसंभव', 'उग्रमंगल' ही त्यांची नाटके. 'उग्रमंगल' तर मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. कविता वेगळ्या, नाना फडनविसांचे चरित्र वेगळे, इचलकरंजी संस्थानचा इतिहास वेगळा. हे सगळे एका शाळामास्तराने केले. मिरजेच्या रस्त्यांवरून जाताना माझ्या मनात येते, की हा माणूस झोपत कधी होता?

त्याच काळात आपल्याच भागात इतिहासाच्या नादी लागलेली आणखी दोन माणसे होती. त्यांच्याशी ताडून पाहिले की खरेशास्त्र्यांचे वेगळेपण कळते. इतिहासाचार्य राजवाडे यांना वाईला जुन्या कागदांचा मोठा साठा मिळाला आणि त्यातून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. राजवाड्यांनी काही वर्षे शिक्षकी केली आणि सोडून दिली. पत्नी तरुणपणीच वारली, त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. हाताने स्वयंपाक करायचा, गावोगाव हिंडायचे, कागद मिळवायचे. नोकरी नाही, संसार नाही. ओढाताण त्यांनी मुळातूनच कापून टाकली. दुसरे साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस. त्यांनी छंदालाच व्यवसाय केले. मासिके चालवली, कागद आणि चित्रे जमवली, राजेरजवाड्यांचा आणि सरकारचा आश्रय मिळवला, सनदी नोकरीत असलेल्या किंकेड साहेबांबरोबर मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. राजवाडे आणि पारसनीस दोघेही १९२६ साली गेले.

तीन माणसे, तीन वाटा. एकाने छंदासाठी बाकी सारे सोडले. एकाने छंदातच चरितार्थ शोधला. आणि एकाने नोकरी, घर आणि छंद तिन्ही घोडी एकाच गाडीला जुंपली. आपल्यापैकी बहुतेकांना जी वाट मोकळी असते ती या तिसऱ्याची. म्हणून मला खरेशास्त्री अधिक जवळचे वाटतात. राजवाड्यांपुढे मान लवते, पण शास्त्रीबुवांकडून काही शिकता येते.

काय शिकता येते? एक म्हणजे, त्यांनी काम जवळचे निवडले. पटवर्धनांची दप्तरे राहत्या गावात आणि आसपासच्या संस्थानांत होती. राजवाड्यांसारखे देशभर हिंडावे लागत नव्हते. दुसरे म्हणजे, काम असे निवडले की ज्याचे लहान तुकडे होतात. एक पत्र हा एका रात्रीचा पल्ला. महाकाव्य रात्री दोन तासांत संपत नाही, पत्र संपते. दुसऱ्या दिवशी दुसरे. अशी सत्तावीस वर्षे गेली की बारा खंड होतात. नोकरदार माणसाच्या छंदाचे सगळे गणित यात आले.

आता कवींकडे वळतो. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, गिरीश, यशवंत, श्री. बा. रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई ही त्यातली काही मंडळी. रविवारी एकत्र जमायचे, चहा घ्यायचा आणि कविता वाचायच्या. या बैठकीला गमतीने 'सन-टी क्लब' म्हणत. मराठी कवितेतले एक पर्व रविवारच्या चहातून उभे राहिले, कारण आठवड्याचे बाकीचे दिवस या मंडळींचे नव्हते. यातले दोन कवी आपल्या मातीतले. गिरीश म्हणजे शंकर केशव कानेटकर, जन्म साताऱ्याचा. ते शिक्षक होते, पुढे सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातही त्यांनी शिकवले. यशवंत म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, जन्म सातारा जिल्ह्यातल्या चाफळचा, शालेय शिक्षण सांगलीला. सांगलीच्या साधुदासांचा कवितेच्या बाबतीत त्यांच्यावर मोठा प्रभाव. आईची माया ज्यांच्या कवितेतून घरोघर पोचली ते यशवंत पुण्यात शिक्षण खात्यात कारकुनी करीत होते. पुढे १९४० साली ते बडोद्याचे राजकवी झाले. पण ज्या कवितांनी त्यांचे नाव झाले, त्यातल्या बऱ्याचशा फायलींच्या आगेमागे लिहिल्या गेल्या.

या उलट उदाहरण पठ्ठे बापूराव यांचे. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष गावचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. वंशपरंपरेचे कुलकर्णीपण, ब्राह्मणाचे घर. तमाशाच्या वेडाने त्यांनी घरदार आणि वतन दोन्ही सोडले, फडावर उभे राहिले आणि लावणीचे सम्राट ठरले. नाव झाले, पैसाही आला आणि गेलाही. १९४५ साली पुण्यात त्यांचा अंत झाला तेव्हा त्यांच्यापाशी काही उरले नव्हते. त्यांनी चूक केली असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी गावातच दप्तर सांभाळले असते तर एक कुलकर्णी वाढला असता आणि लावणी गरीब झाली असती. पण सर्वस्व पणाला लावण्याची किंमत काय असते हेही त्यांच्या आयुष्यात दिसते. ती किंमत एकट्याने चुकती होत नाही. मागे राहिलेले घरही ती भरत असते.

आणि इथेच या विषयातला खरा प्रश्न येतो. वेळ कुणी निर्माण करू शकत नाही. एकाला सवड मिळते तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी दिवसातले तास गेलेले असतात. खंडाच्या मुखपृष्ठावर एकच नाव छापतात. पण त्या रात्री दिव्यात तेल कुणी घातले, रडणारे मूल उचलून दुसऱ्या खोलीत कुणी नेले, पाहुण्यांना परस्पर कुणी वाटेला लावले, हे कोणत्या दप्तरात सापडायचे?

कर्मवीर भाऊराव पाटलांचे उदाहरण तर साताऱ्यात घरोघर ठाऊक आहे. आधी किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम, मग साताऱ्याच्या कूपर कारखान्यातले काम, आणि त्याच सुमारास १९१९ साली कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. भाऊराव मुलांसाठी आणि मदतीसाठी गावोगाव फिरत असताना घरात सगळ्या जातींची मुले जेवत होती आणि त्यांना लक्ष्मीबाई रांधून घालत होत्या. धान्य संपले तेव्हा त्यांनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. 'कमवा आणि शिका' या योजनेने रयतेच्या हजारो मुलांना काम आणि विद्या यांची सांगड घालायला शिकवले. त्या योजनेच्या पायातला पहिला दगड लक्ष्मीबाईंचा आहे, असे मी मानतो.

बायकांना स्वतःसाठी सवड कधी होती? जात्यावर बसल्या की ओवी यायची. पहाटे घरातले पुरुष झोपलेले असताना पिठाबरोबर कविता पडायची. ती कुणी लिहून घेत नव्हते. शिकलगाराच्या सहाणेसारखेच हे. कामात भिंत नव्हती म्हणून गाणे टिकले.

ज्या बाईने ही कविता कागदावर आणली तीही आपल्याच जिल्ह्याची. सावित्रीबाई फुले, जन्म १८३१, नायगाव, जिल्हा सातारा. दिवसा शाळा, रस्त्यात शेणमाती, घरी संसार, आणि १८५४ साली 'काव्यफुले' हा संग्रह. तेव्हा त्यांचे वय तेवीस. पुढे आजारपणामुळे त्या नायगावला माहेरी आल्या. तिथून ऑक्टोबर १८५६ मध्ये त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात त्यांना काळजी वाटते ती पुण्यातल्या कामाची. आपण नाही, तेव्हा सगळा भार फातिमावर पडत असेल, याची त्यांना टोचणी आहे. ती तक्रार करणार नाही हेही त्यांना ठाऊक आहे. फातिमाविषयी कागदोपत्री फार थोडे उरले आहे. पण हा उल्लेख मला मोलाचा वाटतो. आपल्या विश्रांतीचे तास कुणाच्या अंगावरून जात आहेत याचा हिशेब सावित्रीबाईंनी आजारपणातही ठेवला. थोर माणसांच्या पत्रव्यवहारात असा हिशेब क्वचित सापडतो.

मी स्वतः तीस वर्षे एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात काढली आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडे दिवसरात्र सारखीच. उसाच्या वजनाच्या पावत्या, तोडणी-वाहतुकीची बिले, रात्री उशिरा जुळणारी टाळेबंदे. माझ्या कविता पावसाळ्यात होतात, कारण कारखाना तेव्हा बंद असतो. लोक कौतुकाने विचारतात, 'कसे हो जमवता?' याचे खरे उत्तर माझ्या पत्नीपाशी आहे. तिला मोडी शिकायची फार वर्षांची इच्छा होती. दोन वर्षांपासून आमच्या घरी एक रिवाज आहे. रविवारची सकाळ माझी, बुधवारची संध्याकाळ तिची. बुधवारी ती मोडीच्या वर्गाला जाते आणि भाकऱ्या मी थापतो. त्या गोल होत नाहीत, पण पोटात गेल्यावर कुणी आकार विचारत नाही. परवा तिने एका जुन्या खतावरची तारीख वाचून दाखवली, 'छ' सकट. मला ती अजून वाचता येत नाही.

आता छंद या शब्दाकडे येतो. वृत्तात लिहिणाऱ्याला ठाऊक असते, की ओळीत मात्रा ठरलेल्या असतात. एका शब्दाने जास्त जागा घेतली की दुसऱ्याला आखूड व्हावे लागते. चांगला कवी नवीन मात्रा आणत नाही, आहेत त्या वाटतो. दिवसाचेही तसेच आहे. चोवीस तासांचे वृत्त सगळ्यांना सारखेच दिले आहे, शास्त्रीबुवांना दिले होते तेवढेच. आज आपल्यापाशी गॅस आहे, वीज आहे, खिशात फोन आहे, आणि तरी वेळ नाही. त्यावर मला एवढेच सुचवायचे आहे. एक लहान काम निवडावे, ते जवळचे असावे, रोज थोडे करावे. आणि त्यासाठी जे दोन तास काढाल, ते घरातल्या कुणाच्या ओळीतून घेतले हे ध्यानात ठेवून, आठवडा संपायच्या आत परत करावे.